चित्रातल्या मासेवालीचं तोंड

रविवार, संध्याकाळ. नेरुळ.

अभयने जुन्या वस्तूंच्या दुकानातून ते विलायती चित्र आणलं, तेव्हापासून मला टेन्शन होतं. फार जुनं, तांब्यावर कोरून छापलेलं. गजबजलेला मासळीबाजार आणि मधोमध कमरेवर हात ठेवून ओरडणारी मासेवाली. तिचं तोंड एवढं मोठं की आत आख्खा पापलेट जाईल. चित्रकाराने सरळसरळ टिंगलच केलीय. नवऱ्याला गंमत वाटते, पण माझ्या आईने सारसोळ्याच्या बाजारात मासे विकून मला वाढवलं. तिला हे दाखवायचं कसं? म्हणून ते बेडरूमच्या दाराआड टांगलं. मी नक्की कुणाला जपत होते, तिला की स्वतःला?

आज आई जेवायला आली आणि हात पुसायला टॉवेल शोधत नेमकी तिथेच गेली. बराच वेळ बाहेर येईना. जाऊन पाहिलं तर चित्राला नाक लावून उभी.

"आई, मनाला लावून घेऊ नकोस. चेष्टा केलीय त्यांनी."

"चेष्टा कसली गो? तोंड नाय उघडलं तर मावरं खपंल कसं?"

मग अभयला फोटो काढायला लावला. चित्राशेजारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि बाजारात मारायची तशी हाक मारली. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं.

चित्र आता हॉलमध्ये आहे, आईच्या हुकमाने. मी मात्र मघापासून तो फोटोच बघतेय. आईच्या तोंडापुढे त्या मासेवालीचं तोंड काहीच नाही. चित्रकाराने उगाच हात आखडता घेतला.