गजाच्या ओळीतली जागा

आष्टा,
रविवार

ती. वन्सं चंद्राबाई यांना बनूचा साष्टांग नमस्कार.

शिरवळची हवा आणि तुमचा गुडघा, दोन्ही बरे असतील असं समजते. (नसला तरी तुम्ही ‘बरा हाय’च म्हणणार, म्हणून उत्तराची वाट न बघता पुढं लिहिते.)

परवा बिराप्पाच्या मंडळाचं धनगरी गजनृत्य बघायला मलेशियाची अकरा मुसलमान माणसं आली. जेवण आपल्या अंगणात. सहलवाल्यांनी आधीच कागद धाडला होता, पाहुण्यांना काय चालतं, काय नाही त्याचा. (मी भेळेचा कागदही वाचल्याशिवाय टाकत नाही, हा तर तीनदा वाचला.) ‘मटण हलालच हवं’ म्हटल्यावर बिराप्पाचा धीरच सुटला. “आवं वैनी, हलाल करनारा आनायचा कुठनं? मिरजंला फोन लावू?” शेवटी वांग्यावर भागवायचं ठरलं. दोन बुट्ट्या चिरून झाल्या आणि दस्तगीर मुलाणी आला. आपल्या जत्रेचं प्रत्येक बकरं त्याच्या, त्याआधी त्याच्या बापाच्या सुरीखालून गेलेलं. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “मग चाळीस वर्सं मी काय वांगी कापत हुतो व्हय?” (मटण झालं. वांगी अजून आम्हीच खातोय.)

ऊन कललं तसे पाहुणे नमाजाला उभे राहिले. “ढोल खाली ठेवा रं,” बिराप्पा म्हणाला, आणि झगे घातलेले वीस गडी गुपचूप मांडी घालून बसले. एवढं शांत अंगण मी एकदाच पाहिलं होतं. तेव्हा तुम्हीही होता. ओळीत कुठं जागा सुटली की पाहुणे सरकून खांद्याला खांदा लावत. मी बघत राहिले. दस्तगीर हळूच म्हणाला, “मधी फट ठेवत न्हाईत, वैनी.”

मग ढोल घुमला. वीस झगे एकदम फुलले, वीस रुमाल एकदम वर गेले, पायाखालची जमीन हलली. वन्सं, जन्मभर बघितलेला गज, पण अंगावर काटा आला. शेजारच्या पाहुण्या म्हातारीनं माझा हात घट्ट धरला होता. तिनं बोटानं ओळीतली मोकळी जागा दाखवली आणि भुवया उंचावल्या. तुमच्या बंधूंची ती जागा. तीन वर्षं माझ्याच हट्टानं रिकामी. मला तिची भाषा येत नाही, हे बरंच झालं.

बाकी सर्व क्षेम. मी आता पुष्कळ सावरले आहे.

आपली,
बनू

ता. क. – ह्यांचा झगा तुम्ही आठवणीला नेलात, तेव्हा मी ‘न्या, मला काय करायचाय’ म्हणाले होते. ते खोटं होतं. दसऱ्याआधी झगा पाठवा, आणि त्यात तुमच्या शिवतेजला घालून पाठवा. मामाची पावलं त्यालाच येतात.

आणखी ता. क. – झगा धुतला नसेल तर धुऊ नका. धुतला असेल तर मला सांगू नका.