कूचबिहारपर्यंत एकटी

प्रिय बाबा,

तुम्हाला आणि आईला मनापासून जयभीम. कूचबिहारला सुखरूप पोचले, बँकेत रुजूही झाले. तुमचा गुडघा कसा आहे? आई रोज चालायला लावते ना?

हावड्यापर्यंतचा प्रवास छान झाला. तिथे उतरताना मात्र गर्दीत माझी पांढरी काठी मोडली. पुढची गाडी सियालदहहून, आणि काठीशिवाय मला पायाखालचं काही कळेना. खांबाला धरून उभी राहिले. तेवढ्यात डब्यात ओळख झालेल्या शिप्रादी आल्या. इतरांसारखं दंडाला धरून ओढलं नाही. "मेरा हाथ पकड़ोगी?" असं विचारलं. टॅक्सीने सियालदहला आल्या, मला गाडीत बसवून मगच घरी गेल्या. "पापा को मत बताना, घबराएँगे," म्हणाल्या. पण तुमच्यापासून लपवणं मला जमत नाही.

न्यू जलपायगुडीला शेवटची गाडी बदलताना मी स्वतःच हाक मारून मदत मागितली. लगेच मिळाली. आता नवी काठीही घेतली आहे.

बाबा, तुम्हाला सोबत यायचं होतं, मला ठाऊक आहे. तरी पुणे स्टेशनवर गाडी हलेपर्यंत एकदाही "नको जाऊस" म्हणाला नाहीत. ते मला आयुष्यभर पुरेल.

तुमची लाडकी,
मैत्री