ॲसिडिटी नव्हती, बाई

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण गेल्या आठवड्यात वॉर्डात तुमची विद्यार्थिनी शोभले. हे सांगावं असं दुसरं कुणी नाही.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला एक म्हातारे पोट धरून कण्हत होते आणि मी केसपेपरात डोकं घालून उभी होते. तुम्ही सगळ्यांदेखत कागद हिसकावलात. "दुखतंय कुणाला, कागदाला? आधी हात लाव." माझे कान तापले होते.

सायखेड्याची एक पेशंट आली. शाळेत खिचडी शिजवणारी. दोन वर्षांपूर्वी वजन उतरवायला पोटाचं बायपास ऑपरेशन केलेली, आता निम्मी झालेली. चार घास खाल्ले की पोटात पीळ पडतो, उलटी येते. रक्त, एक्स-रे, सगळं नीट. नवरा म्हणतो, "सिस्टर, ती लय घाबरती, बाकी काय नाय." ती माझं मनगट धरते. "घाबरत नाय वो ताई. आत कायतरी पिळतंय." मी पोटावर हात ठेवते. मऊ आहे, पण डावीकडे दाबलं की ती दचकते, आणि नाडी सकाळपेक्षा वाढलेली.

मी थेट सर्जनसरांना गाठलं. "सर, बायपासचं पेशंट आहे. वजन उतरलं की आतली चरबी झडते, ऑपरेशनमुळे आतड्यांमागे राहिलेल्या फटी रुंदावतात. आतडं अडकलं असेल." सीटीतही ठाम काही दिसेना.

"दुर्बीण घातली आणि आत काहीच निघालं नाही तर?" सरांनी विचारलं.

"तर तीन छोटी भोकं, सर. आणि अडकलेलं असून थांबलो, तर आतडं काळं पडेल."

दुपारी दुर्बिणीनं पाहिलं. जुन्या ऑपरेशनच्या फटीतून बरंच आतडं पलीकडे सरकून जांभळं पडलं होतं. सरांनी ते हलक्या हातानं जागेवर आणलं, रंग परतेपर्यंत थांबले, मग फट टाक्यांनी बंद केली. काही कापावं लागलं नाही. दोन दिवसांनी ती पेज प्यायली आणि हसली. राउंडला सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हे सिस्टरांनी ओळखलं." बाई, त्या दिवशी मी घरी ताठ मानेनं चालत गेले.

हे पत्र पाठवायचं असतं, तर इथेच थांबले असते. महिन्यापूर्वी ती ओपीडीत आली होती. "ॲसिडिटी आहे, तिखट कमी खा," म्हणून तिला घरी पाठवणारी मीच होते. तिनं मला ओळखलं होतं. घरी जाताना दोन्ही हात जोडले, पण त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.