कल्याणला डॉक्टरकडं न्यायचं

७ जुलै, सोमवार
भाच्यानं, कल्याणनं, शाळेत एका पोराच्या डोक्यात स्टीलचा डबा हाणला. टाके पडले. हेडमास्तर रखमाजी सर सुरेखाताईला म्हणले, भांडण काय पहिलं हाय का तुमच्या पोराचं, मनाच्या डॉक्टरला दाखवून चिठ्ठी आणा, तवर दहावीच्या वर्गात बसवणार न्हाई. ताई शिलाई मशीनवर डोकं टेकून रडली. भावजी पुण्याला ड्रायव्हर. म्हणजे घरात कर्ता माणूस मीच. मी गेल्या दिवाळीला चार दिवसासाठी आल्तो, पण बहिणीला असं संकटात सोडून कसं जावं.
जबाबदारी घेतली. आधी कल्याणला मारामारी वाईट असते हे समजावलं. कानाखाली दोन दिल्यावर समजलं असावं.
उद्या पहिल्या जीपनं जालना. तिथल्या डॉक्टरीणबाई मंगळवारीच बघतात.

८ जुलै, मंगळवार
गेलो. म्हणजे कल्याण गेला.
घनसावंगीच्या स्टँडवर जीप भरंना. ड्रायव्हर निवांत तंबाखू मळत बसलेला. आपल्याला असं बसवत न्हाई. खाली उतरून जालना जालना ओरडायला लागलो. बराबर सीटा गोळा केल्या. तेवढ्यात भिवा भेटला, जुनी बुलेट विकायची म्हणला. बघायला काय जातं. एक चक्कर मारून आलो तर जीप फुल होऊन निघून गेल्ती. माझ्या जागेवर मीच बोलावलेली बाई बसून गेली म्हणे.
कल्याण एकटा जालन्याला जाऊन दवाखान्याच्या दारात बसून संध्याकाळी परत आला. मोठं माणूस संग पाहिजे म्हणले. मी विचारलं, मला हाक का न्हाई मारली. म्हणला, मारली, तू बुलेटवर होतास.
उलट बोलणं हेच तर लक्षण आहे. पट्टा काढावा लागला.

१० जुलै, गुरुवार
ठरलं. आजपासून हात उचलायचा न्हाई. बिलकुल.
दुपारी ४. उचलला. पण डावा.
मंग कल्याणनं खलबत्त्यातला बत्ता फेकला. नेम कच्चा आहे पोराचा, डोकं वाचलं, उजव्या खांद्याला बसला. हात वर जात न्हाई. एका अर्थी ठरवलेलं पाळलं जाऊन राह्यलं.
ताई म्हणली, सोम्या, पोराला दाखवून आण, न्हाईतर तुझी पिशवी उचल. टेन्शनमधी काहीही बोलते.

१३ जुलै, रविवार
मोबाईलवर अभ्यास सुरू केला. लक्षणं: एका जागी बसत न्हाई, हातातलं काम सोडून दुसरंच धरतो, पटकन भडकतो, मोडतोड करतो. कल्याणला सगळी लागू. तशी मलाही लागू, पण माझा तो स्वभाव आहे.
व्हिडिओ पूर्ण बघणार होतो, मधीच ऊस तोडायच्या मशीनचा लागला. लई भारी कापती.

१५ जुलै, मंगळवार, दुपार
जालन्यात पोचलो, दोघं. कल्याणनं सगळ्या रस्त्यानं माझ्या शर्टाचं टोक धरून ठेवलं होतं.
दवाखान्यात लाईन. एक जाडा माणूस मधीच घुसला. मी शांतपणे समजावून सांगून राह्यलो. तो म्हणला, तू कोण रे शाना. मंग काय. कॉलर धरली. त्यानं नाकावर ठोसा हाणला, मला खुर्चीवर आपटलं, खुर्चीचा पाय मोडला. तो पाय माझ्या हातात आला. हातात आल्यावर माणूस काय करणार. उगारला, तर कोणीतरी मागून दोन्ही मनगटं आवळली. लई ताकद. वळून बघितलं तर कल्याण. म्हणला, मामा, बस.
कंपाउंडरनं आमचा नंबर नसताना आधी आत घेतलं. काम फत्ते.

१५ जुलै, संध्याकाळ, परतीच्या जीपमधी
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पेशंट कोण. मी कल्याणकडं बोट दाखवलं. नाकातलं रक्त त्यांच्या टेबलावर गळत होतं. त्या कल्याणलाच विचारायला लागल्या, ह्यांना असा राग कधीपासून येतो. त्यानं बराबर सगळं सांगितलं. कामं किती धरली, किती सोडली. पट्टा.
मंग मला बाहेर काढलं. कल्याण लई वेळ आत. दार फळकुटाचं, सगळं ऐकू येत होतं. डब्याचं ऐकलं. ते पोरगं भर वर्गात म्हणलं होतं, ह्याचा मामा ह्याला बैलावानी हाणतो, हा गप खातो, आम्ही खिडकीतून बघतो.
खिडकीला पडदा लावायला पाहिजे होता. आधी हेच मनात आलं.
मंग कल्याण आत रडायला लागला. एवढा बडवला तरी घरी कधी रडला न्हाई.
शाळेची चिठ्ठी मिळाली, पोराला वर्गात बसू द्या म्हणून. दर मंगळवारी यायचं. दोघांनी. पट्टा आजपासून ताईकडं ठेवायचा. तोवर तो कल्याणच्या दप्तरात आहे आणि मी एका हातानं पँट धरून लिहून राह्यलो.
जीप भरंना. ड्रायव्हर कुठं तरी चहा पिऊन राह्यला. दोन सीटा कमी हायत, दोन मिनिटांचं काम. मी एक पाय खाली टाकला.
कल्याण म्हणला, मामा, बस.
बसलो.