ओल्या लेपाचे हातोडे

गडचांदूर,
रविवार, ११ जानेवारी

चि. नागसेन,
सप्रेम जयभीम.

आईचे गुडघे आता बरे आहेत. सरिताबाईने वडशाहून लाखोरीची भाजी दिली होती, ती तुझ्या घरी संघप्रियाकडे पोचवली. आज तुझ्या डब्यात तीच असेल. भाचा राजदीप तिथल्या रातभराच्या नाटकात फौजदार झाला होता. अर्धी मिशी सुटून लोंबत होती, तरी गडी डायलॉग सोडायला तयार नाही. लोकांनी शिट्ट्यांनी मांडव डोक्यावर घेतला. तू यायला हवा होतास.

माझा फोन तू उचलत नाहीस. बरोबर आहे. "दादा, क्रशरचे हातोडे मशीनवर तपासून घेत जा," म्हणालास, तेव्हा सगळ्या कामगारांसमोर मी म्हणालो, "तुह्या मशीनचा जन्म नव्हता तवापासून या कानानं बीड ओळखून राह्यलो मी." सगळे हसले. तू हसला नाहीस.

खोटं नव्हतं ते. भट्टीवर कोळसा फोडणारा लहानू फाउंड्रीचा मालक झाला तो या कानावरच. बीडाचा, ओतीव लोखंडाचा हातोडा दोराला टांगायचा, टोला द्यायचा. घंटेसारखा वाजला तर पास.

आपल्या हातोड्याची सगळी करामत वरच्या कातडीत, हे तुला ठाऊक आहे. साच्याला आतून क्रोमच्या भुकटीचा लेप द्यायचा. तापलेलं बीड तो लेप पिऊन घेतं आणि वर कडक साय धरते. चुनखडी फोडून फोडून झिजत नाही. फक्त लेप खडखडीत वाळलेला पाहिजे. ओल राहिली की तिची वाफ होते, आणि सायीखाली पोकळ्या पडतात.

नाटकाला जायच्या दिवशी आम्ही लेप देऊन ठेवले होते. मग सगळ्या कामगारांना गाडीत घालून मीच वडशाला नेलं. परत आलो तर अंगणभर धुकं, आणि माल न्यायला तुमच्या सिमेंट कारखान्याचा ट्रक दारात उभा. मुखरू मिस्त्री म्हणाला, "भाऊ, साच्याले एकदा आच दाखवू का?" मी म्हणालो, "काऊन? काल तर वाळले होते." ओतलं. निवल्यावर मीच टोले दिले. नाटकाच्या भोंग्याजवळ रातभर बसलेला माणूस मी, कानात नुसतं गुं-गुं चाललेलं. मला सगळेच हातोडे घंटेसारखे वाजले.

ते आता तुझ्या क्रशरमध्ये आहेत.

परवा अंगणात उभा होतो. तुमच्या क्रशरचा आवाज आला, आणि मधेच एक टोला बोदा, बद्द. मनाला म्हटलं, वारा असेल. आज त्याच मालातला उरलेला एक हातोडा निंबाला टांगला. मुखरू म्हणे, "भाऊ, हा तं फुटक्या मडक्यावानी वाजते." घणाने फोडला. वरची साय चिंचेच्या टरफलासारखी निघून आली. आत भोकंच भोकं.

तुमच्या ऑफिसला फोन करून सांगितलं, तर म्हणे, "उद्या अर्ज घेऊन या." कारखान्याच्या गेटवर गेलो, तर दरवान म्हणे, "पास नाई, भाऊ."

आज दुरुस्तीसाठी क्रशर बंद आहे आणि दुसऱ्या पाळीला जेवण झाल्यावर बटण तू दाबणार आहेस, म्हणून हे पत्र डब्यात ठेवायला संघप्रियाकडे देतो आहे. मागे एकदा तुटलेला तुकडा पत्रा फाडून बाहेर आला होता, तेव्हा तिथं कोणी नव्हतं, हे तूच सांगितलं होतंस. आता तिथं दसरू झाडायला असतो. आणि क्रशर चालू केलं की तूही तिथंच उभा राहतोस, ही तुझी जुनी खोड.

चालू करू नको, नागसेन. हातोडे काढ, मशीनवर तपास, ज्याला दाखवायचे त्याला दाखव. माझं नाव सांग. फाउंड्रीला कुलूप लागलं तर लागू दे.

तू हे वाचशील तेव्हा मी गेटबाहेर भिंतीला टेकून बसलेला असेन. डबा उघडलास की नाही, हे मला तिथूनच कळेल. क्रशरचा आवाज आला नाही, तर वाचलंस असं समजेन.

पाळी सुटल्याचा भोंगा होईपर्यंत कान लावून बसणारा,
तुझा
लहानूदादा