बडीशेपेचा हलवा

औरंगाबाद,
पौष, १३४७ फसली

प्रिय आवडे,

अनेक आशीर्वाद. सोबतच्या डब्यात संक्रांतीचा हलवा आहे, आणि तो मी केलाय. तुझी आई सगळ्या आळीला सांगत सुटलीय, की तहसिलीतल्या कारकुनानं लेखणी ठेवली अन् परात धरली व्हय!

हा हलवा तिळावर नाही, बडीशेपेवर केलाय. हकीम कमरोद्दीन म्हणाले, पोटाला बडीशेप सोसते, साखरेची पुटं चढवू नका. म्हणून भाजलेली बडीशेप मंद निखाऱ्यावर घेतली, सुंठेच्या पाण्यातला खडीसाखरेचा पातळ पाक तिच्यावर थेंबथेंब सोडला आणि बोटांनी फिरवत बसलो. तीन दिवस लागले, बोटं पोळली. काटा काही धरला नाही, रंगही मातकट आला. पण मूठभर खाऊनही माझं दुखरं पोट कुरकुरलं नाही. तुझ्या धाकट्याला मात्र यातला दाणाही देऊ नकोस.

त्याच्या बोरन्हाणात देवगावच्या तुझ्या सासूबाई वच्छलाबाई तुला ताटाला हात लावू देणार नाहीत, असं तू लिहिलंस. सुनेनंच पहिल्याला हलवा चारला, असं त्या चार बायकांत बोलतात म्हणे. आणि खाली तू लिहिलंस, आप्पा, आता मलाही वाटतं, माझ्याच हातून घडलं असेल. ते वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

तुझ्या पहिल्याचं, रामकिसनचं बोरन्हाण आपल्याकडं झालं तो दिवस आठव. बायकांचं कार्य, म्हणून मी ओसरीवर होतो. त्याचे हलव्याचे दागिने उतरवून तू त्याला माझ्या मांडीवर दिलंस आणि हळदीकुंकवाला आत गेलीस. दहा महिन्यांचं पोर, त्यात आठवडाभर पोट बिघडलेलं. चौथ्या दिवशी गेला. त्याला काय चारलं, असं लोकांनी तुला विचारलं, तुझ्या आईला विचारलं. बायकांच्या सणात पुरुषाला कोण विचारणार?

आवडे, हलवा मी चारला. बाजारचा, लाल-पिवळा. एकेक दाणा जिभेवर ठेवला की तो हसायचा, आणि मला ते हसू पुन्हा हवंसं वाटायचं. त्या हलव्यानंच तो गेला का, हे हकिमांनाही सांगता आलं नाही. पण तू दिला नव्हतास. दोन वर्षं मी भ्यालो, गप्प बसलो आणि तुला बोल खाऊ दिले. हे पत्र देवगावात वच्छलाबाईंना मोठ्यानं वाचून दाखव, आणि धाकट्याचं बोरन्हाण तुझ्या हातानं कर. मला बोलावू नकोस.

तुझाच,
आप्पा