नळाखाली धुतलेला काटा

१२ मे २००६, शुक्रवार. पूर्णगड

आज सासूबाईंनी माझा डिजिटल काटा भांड्यांबरोबर नळाखाली धुतला. हेतू चांगलाच, त्यावर सांडलेल्या साखरेला मुंग्या लागल्या होत्या. पण उद्या शेजारच्या सुलभाच्या साखरपुड्याचा केक द्यायचाय, आणि अंदाजाने घातलेलं पीठ मला कधी साधलंय? आकड्यांच्या काचेमागे पाण्याचा थेंब दिसत होता.

"बिघडला काय गो?" त्यांचं तोंड अगदी उतरलेलं. काटा त्यांच्याच मुलाने बोटीवरून येताना आणलेला.

"बघू," एवढंच म्हटलं. जरा तुटकच झालं का?

लगेच सेल काढले, काटा फडक्याने टिपला आणि पंख्याखाली ठेवला. सासूबाई तो उन्हात ठेवायला निघाल्या होत्या. नको म्हटलं, प्लॅस्टिक वाकेल. दुपारभर येता-जाता तो थेंब बघत होते. संध्याकाळी दिसेनासा झाला. मग सेल घातले आणि एक किलो साखरेची न फोडलेली पिशवी ठेवली. किलोपेक्षा थोडे ग्रॅम जास्त दाखवले, ते पिशवीचेच असणार. हुश्श.

मग त्यांना दाखवलं. आधी सेल काढायचे, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं, नंतर कोरड्याने. पाणी ओतायचं नाही. त्यांनी स्वतः एकदा करून पाहिलं.

"उद्या पीठ मी मोजू गो?" एकदम म्हणाल्या. केकच्या कामात त्यांनी आजवर कधी हात घातला नव्हता.

"मोजा की. पण अंडीसुद्धा तुम्हीच फेटायची."

हसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच.